मागच्या भिंतीवरची अक्षरं

पाळकीणबाई तशा भित्र्या नव्हत्या. लग्नाआधी त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर होत्या. एकदा सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच चाक उलटं फिरवून ती बाहेर काढली, बोटाला चिंधी गुंडाळली आणि मग शेजारणीला म्हणाल्या, "जरा पाणी देतेस का?" शेजारीण चक्कर येऊन पडली होती. पाणी तिलाच द्यावं लागलं.

अशी ही बाई. पण नवऱ्याच्या दुखण्यानंतर रविवार उजाडला की तिचे हात बर्फासारखे पडायचे.

नवरा चर्चचा पाळक. बोलण्यात असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावरच्याला पत्ता लागू नये. उपासना संपल्यावर दारात उभं राहून ते प्रत्येकाची विचारपूस करत, आणि घरी पोचेपर्यंत जेवण गार झालेलं असे. "देवानं यांना दोन कान दिले ते चष्म्यासाठी," असं पाळकीणबाई म्हणायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात शांतता कशी असते हे त्यांना माहीतच नव्हतं.

एके सकाळी पाळकसाहेब दाढी करून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "अगं, ती खिडकी दे."

"खिडकी?"

"खिडकी गं. साखर ढवळायला." हात चमच्याकडे होता.

दोघंही हसले. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि या खेपेला जे आलं तो शब्दच नव्हता. नुसता आवाज होता. बाईंचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. पाळकसाहेबांनी टेबलाची कड धरली. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते बाईंनी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाण्यात पाय टेकेनासा झालेल्या माणसाचे डोळे होते ते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. वेळेवर आणलंत, हातपाय शाबूत राहिले. "त्यांना सगळं समजतं. शब्दही गेलेले नाहीत. पण हवा तो शब्द हव्या त्या वेळी हाताला लागणार नाही. कधी भलताच लागेल."

"आणि बोलणं?"

"हळूहळू. किती येईल ते आत्ताच सांगता यायचं नाही."

बाई खाटेशेजारी बसून राहिल्या. पाळकसाहेब समोरच्या भिंतीकडे बघत होते. आणि अचानक, खणखणीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शांतता राखा."

बाई दचकून उभ्याच राहिल्या. भिंतीवर पाटी होती. पाळकसाहेबांनी ती वाचली होती. आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं सबंध वाक्य ते हे.

बोलता येत नव्हतं, पण वाचता येत होतं. अक्षर ठळक हवं, ओळी थोड्या हव्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होतं काही जणांचं. चांगलं लक्षण आहे." बाईंनी ते वाक्य गाठीला बांधलं आणि घरी आल्या.

काही आठवडे बाहेरून पाहुणे पाळक येऊन उपदेश करून गेले. मग मंडळीत कुजबुज सुरू झाली. चर्चच्या पंच कमिटीत सगळ्यांत ज्येष्ठ होते घड्याळकाका. नोकरीत असताना त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं लावली होती, आणि आता ते उपदेश किती चालला ते मनगटाकडे बघून मोजत. ते घरी आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले, म्हणाले, "पाळकसाहेब, घाई नाही. पण कधीपासून उभे राहाल?"

पाळकसाहेब हसले. बाई मध्येच बोलल्या, "येत्या रविवारपासून."

आपण हे का बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. घर चर्चचं होतं, हे खरं. पण मुख्य म्हणजे काका 'कधीपासून' म्हणाले तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्यांना बघवलं नाही.

पाळकसाहेबांच्या लॅपटॉपवर बायबल अभ्यासाचं एक सॉफ्टवेअर होतं. लेकीनं बसवून दिलेलं. त्यात उपदेश लिहायचा. अध्याय आणि ओवीचा आकडा घातला की वचन आपोआप खाली येऊन बसे. एखाद्या ओळीला मथळा म्हणून खूण केली की तिची स्लाइड तयार होई. चर्चमध्ये पुढे मोठा पडदा होता, गाण्यांचे शब्द दाखवायला. आणि मागच्या भिंतीवर, गाणाऱ्यांना मान वळवावी लागू नये म्हणून, एक टीव्ही लावला होता. पुढच्या पडद्यावर जे, तेच टीव्हीवर. व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो टीव्ही समोर दिसतो. बाईंनी हे हेरलं होतं. पाळकसाहेबांनी सबंध उपदेश स्लाइडवरूनच वाचायचा. लोकांना वाटेल, नवीन पद्धत आहे.

ते तुटक तुटक सांगत, बोटानं जुन्या टिपणांतली ओळ दाखवत, आणि बाई टाइप करत. शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये तालीम झाली. पाळकसाहेब व्यासपीठावर, बाई मागे, टीव्हीखालच्या टेबलाशी. पहिली स्लाइड बरी गेली. दुसरी लागली आणि पाळकसाहेबांनी ती भरदार आवाजात वाचली:

"आपला पाप आपली वाट पाहतो आहे."

'बाप' लिहायचं होतं. पण त्याहून भयंकर हे, की वाचणाऱ्याला काही खटकलंच नव्हतं. ते पुढच्या स्लाइडची वाट बघत उभे होते. म्हणजे आपण जे लिहू ते हा माणूस म्हणणार. भर मंडळीत, हात उंचावून, जसंच्या तसं.

त्यांनी चूक दुरुस्त करायला बोट ठेवलं तर अक्षराला काही केल्या हात लागेना. पुसता येईना, खोडता येईना. त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती.

"आई, तू स्लाइडची चित्रं काढलीस. फोटोतलं अक्षर कसं पुसशील? बाहेर काढताना दोन पर्याय येतात बघ. बदल करता येणाऱ्या स्लाइड, तो दुसरा घे."

"म्हणजे पक्की शिलाई नको, कच्चा टाका."

"हो, तसंच समज. आणि चर्चच्या कॉम्प्युटरवर उघडू नकोस. तिथं तो फॉन्ट नसेल, वेलांट्या भलतीकडे पळतील. बाबांचाच लॅपटॉप ने." मग थोडं थांबून, "आई, हे किती दिवस चालवणार आहेस?"

"तू फोन ठेव. मला बाप करायचाय."

तो रविवार पार पडला. कसा, ते बाईंना आठवत नाही. डोळ्यांसमोर फक्त नवऱ्याचे ओठ होते, आणि स्लाइड बदलणारं बटण. बोट कापत होतं म्हणून मनगट दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं. बाहेर दारात लोक म्हणाले, "पाळकसाहेब आता कसं मोजकं बोलतात! आधी जरा लांबायचं, नाही म्हटलं तरी." घड्याळकाका म्हणाले, "वेळेत संपलं." त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.

त्यानंतर भीतीला धरबंध राहिला नाही. एकदा जमलं म्हणजे आता दर आठवड्याला जमवायला हवं. एका रविवारी 'सहनशीलता' या शब्दाशी पाळकसाहेब अडखळले. 'सह', 'सहन', परत 'सह'. बाकांवर माना वर झाल्या. बाईंनी झटकन तो शब्द खोडून 'धीर' लिहिलं. टीव्हीवर तिथल्या तिथे बदललं. "धीर धरा," पाळकसाहेब म्हणाले आणि पुढे गेले. कुणाला वावगं वाटलं नाही. कॉम्प्युटर काहीही करतो, अशीच लोकांची समजूत होती. पण तेव्हापासून बाई सगळा वेळ बोटं अक्षरांवर ठेवून बसू लागल्या, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशा.

मग एक आठवडा असा आला की पाळकसाहेबांनी फक्त बायबलमधला उतारा दाखवला. वादळात सापडलेल्या नावेचा. पुढे त्यांना काही सांगायचं होतं, पण तासभर झटूनही एक ओळ बाहेर आली नाही. शेवटी त्यांनी लॅपटॉप बाईंकडे सरकवला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बाईंनी लिहिलं. जन्मभर ऐकलं होतं, तेवढं तर येणारच. पण मध्येच एक ओळ त्यांची स्वतःची आली: 'नावेत घाबरलेले लोक मासेमारी करणारे होते. ज्यांना पाणी माहीत होतं, तेच जास्त घाबरले.'

पाळकसाहेबांनी परत येऊन वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे... तू."

"काढते. चुकून आलं."

त्यांनी तिचा हात धरला. "ठेव."

रविवारी त्यांनी ती ओळ वाचली. उपासनेनंतर दोघीतिघी डोळे पुसत आल्या. पाळकसाहेबांनी हात पुढे केला खरा, पण लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ते मागे, बाईंकडे बघत होते. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण मनात भलतंच घोळत राहिलं. आपण कुणाच्या तोंडून बोलतो आहोत? उद्या आपण वेडंवाकडं लिहिलं तर हा माणूस तेही देवाचं म्हणून सांगेल. आणि परवा त्याला स्वतःचं काही सांगायचं असेल तर? तेव्हा ते आपल्याला कसं कळणार?

घात झाला तो स्लाइडपाशी नाही, दुसरीकडेच. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईचा नवरा गेला. भेटायला जाणं भाग होतं. घड्याळकाकाही होते. पाळकसाहेबांनी त्या म्हातारीचा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे भरून आले, आणि ते म्हणाले:

"अभिनंदन."

पाळकसाहेबांना आपली चूक ऐकू आली. त्यांनी ती सुधारायला तोंड उघडलं आणि पुन्हा तेच आलं. "अभिनंदन. अभि... अभिनंदन." बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. म्हातारीला नीट ऐकू यायचं नाही, ती मान हलवून म्हणाली, "देव तुमचं भलं करो." पण सुनेनं ऐकलं होतं. आणि काका दाराशी उभे होते, पाळकसाहेबांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत.

रस्त्यावर पाळकसाहेब मान खाली घालून चालत राहिले. बाईंना वाटलं, हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी बाई मागच्या टेबलाशी बसल्या, लॅपटॉप उघडला, तोच शेजारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. घड्याळकाका.

"मी इथं बसलो तर चालेल ना?"

"बसा की," बाई म्हणाल्या.

पहिल्या काही स्लाइड सरळ गेल्या. पाळकसाहेब नीट वाचत होते, काका मनगटाकडे न बघता लॅपटॉपकडे बघत होते. एके ठिकाणी अडलं. बाईंनी मनातल्या मनात 'आता वाचा, वाचा' म्हटलं, पण शब्द येईना, आणि शेवटी काकांच्या देखत त्यांनी तो शब्द खोडून सोपा लिहिला. पाळकसाहेबांनी वाचला. काकांनी एक लांब श्वास सोडला. झालं, बाईंना वाटलं. संपलं. आता कळलं सगळं.

पण संपलं नव्हतं. पाळकसाहेबांनी टीव्हीवरची नजर काढली. तिसऱ्या बाकावर ती म्हातारी आणि तिची सून बसली होती. ते त्यांच्याकडे वळले.

"मी," ते म्हणाले. "त्या दिवशी... तुमच्याकडे... मी..."

हे स्लाइडवर नव्हतं. पाळकसाहेबांनी हात हवेत धरला, जणू शब्द वरून खाली पडणार आहे. मग सबंध चर्चदेखत त्यांनी मागे, बाईंकडे बघितलं. मागत होते ते. आणि त्यांना काय हवंय ते बाईंना ठाऊक नव्हतं.

त्यांनी कोरी स्लाइड काढून लिहिलं: 'क्षमा'.

पाळकसाहेबांनी मान हलवली. नाही.

'दुःख'. नाही.

आता लोक पुढच्या पडद्याकडे, मग वळून मागे, मग पुन्हा पुढे बघत होते. अक्षरं उमटत होती, पुसली जात होती. इतके महिने झाकून ठेवलेलं सगळं तिथं भिंतीएवढं दिसत होतं. 'चूक' लिहिलं. नाही. बाईंची बोटं अक्षरांवर घसरू लागली.

"काय म्हणायचंय त्यांना?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही हो कळत मला!" त्या कुजबुजल्या.

काका म्हणाले, "घाबरलो. ते लिहा. मी त्या दिवशी त्यांचं तोंड बघत होतो."

बाईंनी लिहिलं: 'मी घाबरलो होतो.'

पाळकसाहेबांचा हात खाली आला. त्यांनी ते वाचलं, हळू, एकेक अक्षर दाबून. "मी घाबरलो होतो." मग पडद्याकडे न बघता, स्वतःच्या तोंडानं: "अजून... आहे. घाबरलेला. रोज."

आणि ते पायऱ्या उतरून पहिल्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या बाकावरून म्हातारीचा मोठ्यानं आवाज आला, "काय म्हणाले गं?" सून तिच्या कानाशी वाकली. कुणीतरी गाणं सुरू केलं, फार वरच्या पट्टीत. ते कुणाला पेललं नाही, तरी सगळे गायले.

त्याच आठवड्यात कमिटी बसली. बाई बाहेर व्हरांड्यात बाकावर. आत पाळकसाहेब एकटे, लॅपटॉपशिवाय. दारातून खुर्च्यांचे आवाज येत होते, कुणीतरी काही विचारत होतं, आणि मग लांब, न संपणारी शांतता. उत्तर यायची शांतता. बाईंना वाटलं, आत जावं, दार ढकलून जावं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. असं कितीदा केलं कुणास ठाऊक.

पाळकसाहेबांनी निवृत्त व्हावं हा ठराव घड्याळकाकांनीच मांडला. बाहेर आल्यावर ते बाईंसमोर उभे राहिले. "पाळकीणबाई, मला शिव्या द्यायच्या तर द्या."

"तुम्हीच तो शब्द सांगितलात. आणि तुम्हीच..."

"हो. शब्द सांगितला कारण ते घाबरले होते. आणि ठराव मांडला तोही त्याचसाठी. दर रविवारी त्या माणसाला तिथं उभं करायचं म्हणजे... तुम्ही स्वतःचे हात बघितलेत का कधी? मी शेजारी बसून बघितलेत."

बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. आभारही मानले नाहीत. नवरा बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांना भीती वाटत होती. बघितलं, तर तो थकलेला होता, बस. घरी जाताना वाटेत त्यांनी बाईंच्या हातातली लॅपटॉपची पिशवी मागून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

चर्चचं घर सोडून ते दोन खोल्यांत राहायला गेले. खाली न्हाव्याचं दुकान, वर हे दोघं. नवे पाळक तरुण, स्वतःच्या स्लाइड स्वतः करतात. त्यांच्या स्लाइडवर ढग हलतात. बाई आता इतरांसारख्या बाकावर बसतात. नवे पाळक नुसतं पाणी प्यायला थांबले तरी यांची बोटं मांडीवर टाइप करू लागतात, आणि पाळकसाहेब हळूच त्यावर हात ठेवतात.

पहिल्यांदा पाळकसाहेब एकटे खाली केस कापायला निघाले, तेव्हा बाईंनी कागदावर लिहून द्यायचं ठरवलं होतं: बारीक कापा, कल्ले ठेवा. त्यांनी कागद घेतला नाही. मान हलवली आणि जिना उतरले. बाई मागोमाग निम्म्या जिन्यापर्यंत गेल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खालून कात्रीचा आवाज आला. मग न्हाव्याचा. तो दुकानाच्या मालकाबद्दल बोलत होता, मग भावाबद्दल, मग गुडघ्याबद्दल. मध्ये मध्ये पाळकसाहेबांचा आवाज: "हं." "मग?" "अरे अरे." पुन्हा "मग?"

बऱ्याच वेळानं न्हावीच दाराशी येऊन वर बघत म्हणाला, "बाई, साहेब फार चांगले हो. इतकं ऐकून घेणारं गिऱ्हाईक नाही बघितलं मी."

त्याच्यामागून पाळकसाहेब आले. केस फारच बारीक कापले होते, कल्ले गायब. ते जिना चढून आपल्यापाशी येईपर्यंत बाईंनी कठडा सोडला नाही.